वर्षभराचं, एका माणसापुरतं

१२ सप्टेंबर १९६२, बुधवार

नऊ दिवसांनी घरी आले. सॉल्ट लेकच्या इस्पितळातून येताना रेनेने गाडी इतकी हळू चालवली, की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमले. मी म्हटलं, "अगं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय माझं, मी काही अंड्यांची टोपली नाही." लेक हसली नाही. एरवी माझ्या फुटकळ विनोदालाही हसते.

तासाभरातच आटोपलं म्हणे सगळं. शेजारच्या आर्डिथला तीन तास लागले होते. तिने आपले खडे बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेत, आल्यागेल्याला दाखवते. मीही माझे मागितले, तर डॉक्टर माझ्या नवऱ्याकडे, लमारकडे, बघून म्हणाले, "टाकून दिले." इतकी वर्षं पोटात सांभाळलेली वस्तू, निदान विचारायचं तरी!

अंगणात उतरले तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं, आवाज नाही. लमारने पाळलेल्या सगळ्या टर्क्या विकून टाकल्यात, पाचशेच्या पाचशे. टर्क्यांना खरा भाव येतो तो थँक्सगिव्हिंगचा सण दहा आठवड्यांवर आलेला असताना! "पायांना झेपत नाही आता," म्हणाला. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस स्वतःच्या पायांबद्दल एक शब्द बोललेला मला आठवत नाही.

१५ सप्टेंबर, शनिवार

पीच आले. दरवर्षी या दिवसांत मी एकटी सहा पेट्या पाकात घालून बरण्यांत भरते. आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घराने वर्षभराचं अन्न साठवून ठेवायचं असतं. लग्न झाल्यापासून मी ते कधी चुकवलेलं नाही. तळघरातल्या त्या खोलीला आम्ही 'फळांची खोली' म्हणतो, पण तिथे गहू, मध, मीठ, दुधाची पावडर, शेंगा, टोमॅटो, मांसाच्या बरण्या, सगळंच असतं. लमार तिथे आजवर फक्त डबे उचलायला गेलाय.

आज मात्र माझा एप्रन बांधून शेगडीपाशी उभा. टर्क्यांच्या खाद्याची वही हातात.

"साखर किती? आधी घालायची की उकळी आल्यावर?"

"लिहून कशाला घेतोस? मी आहे ना."

"तुला वाकायला नको म्हणून."

"तू लिहिल्याने माझं वाकणं कसं वाचेल?"

त्याने पेन्सिलीला थुंकी लावली आणि पुढची ओळ लिहिली.

नव्या बरण्याही आणल्यात, निम्म्या आकाराच्या. घरात मोठ्या दोनशे पडल्यात की, म्हटलं. तर म्हणे, "मोठी उघडली की उरतं, मग नासतं."

"दोघांत कधी उरलंय?"

तो पीचची सालं काढत राहिला. चांगली काढत होता, पातळ.

२३ सप्टेंबर, रविवार

ऑपरेशननंतर पहिल्यांदा चर्चला गेले. महिला मंडळाच्या खोलीत शिरले आणि बोलणं थांबलं. नुसतं हळू नाही झालं, थांबलं. आर्डिथ तर जन्मात कधी गप्प बसलेली नाही. तिने येऊन मला मिठी मारली आणि सोडेचना. सगळ्या म्हणत होत्या, "किती छान दिसतेस, एल्डोरा." माझा निळा ड्रेस खुंटीवर टांगल्यासारखा लोंबतोय. कमरेला दोन पिना लावून गेले होते.

दुपारी बिशप ओल्सन घरी आले, आशीर्वाद द्यायला. डोक्यावर तेलाचा थेंब, मग दोन्ही हात. हे शब्द मला पाठ आहेत. आर्डिथच्या वेळी मी तिथेच होते. "तू पूर्ण बरी होशील, नातवंडांची लग्नं बघशील," असं खणखणीत म्हणाले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, "सिस्टर एल्डोरा, तुला शांती लाभो. तुझ्या घराची काळजी घेतली जाईल." मी डोळे मिटून पुढच्या वाक्याची वाट बघत होते. एकदम आमेनच आलं.

लमार फाटक लावायला म्हणून उठून बाहेर गेला. टर्क्या गेल्यापासून ते फाटक कोणी लावतच नाही.

गावात काहीतरी बातमी आहे. बिशपांचा भाऊ वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत आहे. रशियाबद्दल काही कळलं असणार आणि आजारी बाईला घाबरवायला नको म्हणून मला सांगत नाहीत. मला असली दया आवडत नाही.

२ ऑक्टोबर, मंगळवार

जेवण जात नाही. पित्ताशय काढलं की होतं असं, म्हणतात.

दुपारी पडले होते. जाग आली ती खालून बोलण्याच्या आवाजाने. वाटलं, कोणी आलंय. उठून जिन्याच्या तोंडाशी गेले, तीन पायऱ्या उतरले. खाली लमार एकटाच होता, माझ्याकडे पाठ करून.

"आता मीठ. चिमूट नाही, सपाट चमचा. झाकण पिळायचं नाही, हं, बोटांच्या टोकांनीच. श्वास घ्यायला जागा ठेवायची."

माझे शब्द. माझाच सूर. मध्ये मी 'हं' म्हणते, तेसुद्धा.

मग तो म्हणाला, "असं ना, डोरा?"

आणि थांबला. समोरचं माणूस उत्तर देईल एवढा वेळ थांबला. मग मान हलवून म्हणाला, "बरं," आणि पुढची बरणी घेतली.

मी तिसऱ्या पायरीवर उभी होते. उत्तर देता आलं असतं. पण दिलं नाही. मला असं वाटलं, की मी आवाज दिला तर तो दचकेल; मी या घरात असायलाच नको होते, असा दचकेल. पावलं न वाजवता वर आले आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. माझ्याच घरात, भर दुपारी.

८ ऑक्टोबर, सोमवार

लमार गव्हाचे डबे आणायला गेला होता. तेवढ्यात खाली उतरले. सतरा पायऱ्या. दोनदा बसावं लागलं.

इतकी नीट मी ती खोली कधी ठेवली नव्हती. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, ठसठशीत अक्षरात, आणि खाली कृती: 'उघड. वास घे. दहा मिनिटं उकळ. मगच खा.' कुठल्या वारी काय, तेही भिंतीवर लिहिलंय. सोमवारी शेंगांची एक बरणी, एक बटाटा. मंगळवारी टोमॅटो, एक अंडं. सगळं आपलं रोजचंच खाणं, काही वेगळं नाही. प्रत्येक ठिकाणी 'एक'.

फळ्यांखाली छोटं टेबल मांडलंय. एक खुर्ची. एक ताट, एक चमचा, एक कप, धुऊन पालथे घातलेले. कपाच्या कडेला पाण्याचा थेंब होता. म्हणजे आजच इथे बसून जेवलाय. आणि वर मला सांगतो, भूक नाही.

वही उघडली. गव्हाचा, मधाचा, दुधाच्या पावडरीचा हिशेब. तीनशे पासष्ट दिवस. खाली दोनदा अधोरेखित: 'एका माणसाला'.

मग मी एकेक फळी बघत गेले. पीच आहेत, नाशपाती आहेत, शेंगा, टोमॅटो, मका. बीट नाही. बीट आमच्या घरात फक्त मी खाते. लमार म्हणतो, त्याला मातीचा वास येतो. तरी दर वर्षी तो स्वतः माझ्यासाठी एक ओळ लावतो आणि मी व्हिनेगरमध्ये घालून चोवीस बरण्या करते. या वर्षी एकही नाही.

म्हणजे जो माणूस इथे वर्षभर जेवणार आहे, त्याला बीट आवडत नाही.

कप होता तसाच पालथा ठेवला. थेंब पुसला गेला, त्याला काय करणार.

१० ऑक्टोबर, बुधवार

न राहवून विचारलं, "बीट कुठेत या वर्षी?"

"कीड पडली."

दुपारी मागच्या खिडकीतून बघितलं. ओळ तशीच उभी आहे, हिरवीगार, लाल देठांची. काढलेलेच नाहीत.

माझ्याशी हा माणूस आजवर खोटं बोललेला नाही. असं तरी मला वाटत होतं.

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. काल वाटलं, तो वेडा झालाय. आज वाटतंय, तो अगदी शहाणा आहे. बॉम्ब पडणार आहेत हे त्याला माहीत आहे, तळघरात एकाचंच वर्ष निघेल हेही माहीत आहे, आणि एक कोण हे त्याने ठरवलंय. तळघराच्या दाराला आतून कडी आहे.

२२ ऑक्टोबर, सोमवार

पाच वाजता आर्डिथकडे टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांचं भाषण ऐकलं. क्यूबात रशियाची क्षेपणास्त्रं. शेवट व्हायच्या आत आर्डिथचा नवरा वेंडेल गाडीची किल्ली घेऊन उठला. अर्धं गाव दुकानात पळालं. आर्डिथने मिठाची अकरा पुडकी आणि केसांच्या पिना आणल्या. "जे हाताला लागलं ते उचललं गं," म्हणाली आणि रडायला लागली.

लमार टोपी मांडीवर घेऊन बसला होता. टीव्हीकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

परत येताना रस्त्यात मी म्हटलं, "तुला आधीच माहीत होतं."

तो जागच्या जागी उभा राहिला. चेहरा पिठासारखा. "काय?"

"हेच. युद्ध."

पाठीवरचं पोतं उतरवल्यावर माणूस सोडतो तसा श्वास त्याने सोडला. "नाही, डोरा," म्हणाला, "हे नव्हतं माहीत."

२४ ऑक्टोबर, बुधवार

बरोबर बाराला भोंगा वाजला. मी स्वयंपाकघरात होते. हलले नाही. मला बघायचंच होतं, तो काय करतो.

कडीचा आवाज येईल म्हणून कान लावून बसले. आला तो धावण्याचा आवाज, अंगणातून. दार आदळलं आणि त्याने मला उचललं, लहान मूल उचलतात तसं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. उचलताना त्याचा तोल मागे गेला, कारण त्याने जोर लावला होता जास्त आणि वजन लागलं कमी. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं.

सतरा पायऱ्या उतरून त्याने मला त्या खुर्चीवर बसवलं. स्वतः गव्हाच्या डब्यावर बसला. वर भोंगा चालूच.

मी म्हटलं, "खुर्ची एकच आहे."

"हो."

"ताटही."

"हो."

"मग मी कुठे बसणार होते, लमार?"

त्याने चेहरा दोन्ही हातांत घातला. भोंगा थांबला. बंबवाल्यांची चाचणी होती, नंतर कळलं. "पाणी आणतो," म्हणून तो वर गेला आणि खूप वेळ आला नाही. मी एकटी बसून होते. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं आणि पीचच्या बरण्या आतून दिवा लावल्यासारख्या पिवळ्या दिसत होत्या, एका रांगेत, चिठ्ठ्या माझ्याकडे करून. त्या सगळ्या मला कुठेतरी सोडायला आल्यासारख्या वाटल्या. हे वाक्य का लिहिलं, माहीत नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

रशियाने माघार घेतली. क्षेपणास्त्रं परत नेणार. सकाळी रेडिओवर सांगितलं.

चर्चमध्ये आज लोक इतक्या मोठ्यांदा गायले की पियानो ऐकू येईना. पुरुष एकमेकांच्या पाठी थोपटत होते. आर्डिथ म्हणत होती, "कोणाला मीठ हवंय का मीठ? गाई नाहीत माझ्याकडे, नाहीतर चाटायला दिलं असतं!" सगळे पोट धरून हसत होते.

हे सगळं मी दाराबाहेरून बघत होते. मग आत आले. एकेकाचं हसू विझत गेलं, जवळच्यापासून लांबच्यापर्यंत.

मी प्रत्येकाकडे बघितलं. युद्ध गेलं होतं. चेहरे तसेच होते. बिशप ओल्सननी खाली बघितलं. आर्डिथने माझा हात हातात घेतला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत जे होतं ते रशियाबद्दल कधीच नव्हतं.

घरी चालत येताना, वाटेवरचं लार्सनांचं कोठार मागे पडल्यापासून आमची टपालपेटी येईपर्यंत, सगळं आपोआप उलगडत गेलं. उघडून तासाभरात तसंच परत शिवलेलं पोट. टाकून दिलेले खडे. बिशपांचा न झालेला आशीर्वाद. ड्रेसला आता सहा पिना लागतात.

आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? भीती नाही. तो मला कडीबाहेर ठेवणार नव्हता, एवढंच वाटलं. इतकं हायसं वाटलं की मी हसले. मोठ्यांदा, रस्त्यात.

"काय झालं?" लमारने विचारलं.

"काही नाही. आर्डिथचं मीठ आठवलं."

भीती संध्याकाळी आली. तिच्याबद्दल लिहीत नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस थांबले. तो आपणहून सांगेल म्हणून. नाही सांगितलं. आज सकाळी तो शेगडीवर ओटचं खिमट ढवळत होता, तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर किती म्हणाले?"

चमचा थांबला.

"करपेल. ढवळत राहा," मी म्हटलं. "किती म्हणाले?"

तो ढवळत राहिला. पाठ माझ्याकडे. "ख्रिसमस. धरून चला म्हणाले, त्याच्या आतच."

"आणि मला सांगायचं नाही हे कोणी ठरवलं?"

"डॉक्टर म्हणाले, बायका खचतात. रेनेने शपथ घातली. बिशपही म्हणाले, तिचे दिवस हसतखेळत जाऊ देत."

"हसतखेळत!" मी इतक्या जोरात ओरडले की टाक्यांची जागा ओढली गेली. "दीड महिना मी माझ्या घरात भुतासारखी वावरतेय. सगळे माझ्याकडे बघतात आणि मला कोणी काही कळू देत नाही. ठाऊक आहे, मला काय वाटत होतं? बॉम्ब पडला की तू मला बाहेर ठेवून आतून कडी लावणार."

तो वळला. "मी?"

"तू."

"तुला?"

"एक खुर्ची, लमार! एक ताट! आणखी काय वाटणार माणसाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याच्या घशातून एक आवाज आला. आधी वाटलं हसतोय. तो खाली जमिनीवरच बसला, शेगडीला टेकून, आणि बोलायला लागला. म्हणाला, इस्पितळातून एकटा घरी आला त्या दिवशी त्याला बटाटे उकडता आले नाहीत. किती वेळ लागतो ते माहीत नव्हतं. अर्धे कच्चे खाल्ले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपल्याला काहीच येत नाही. डोरा असेपर्यंत शिकून घ्यावं. आणि ती नसताना जेवायचं कसं, तेही आधी जमतंय का बघावं, म्हणून खाली टेबल मांडलं.

"जमलं?"

"नाही."

खिमट करपलं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

अजून राग आहे. रेनेला फोनवर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती रडली, मग मी रडले, मग ती येत्या शनिवारी येते म्हणाली.

पण एक विचित्र गोष्ट. गेले काही आठवडे मला वाटायचं, हे सगळं जाणार आहे. लार्सनांचं कोठार, चर्च, रेनेच्या मुली, हे डोंगर. रोज एकेक वस्तू शेवटची म्हणून बघत होते. आता खिडकीत बसले की वाटतं, हे राहणार आहे. फक्त मीच जाणार. त्यात आनंद मानावा की नाही, कळत नाही, पण झोप लागते.

त्याची वही तपासली. पानोपानी चुका. पावाच्या कृतीत यीस्टवर उकळतं पाणी ओतायला लिहिलंय. "मेलं ना ते," मी म्हटलं. "कोमट. मनगटावर थेंब घेऊन बघ, रेनेचं दूध बघायचो तसं."

"ते तू बघायचीस."

"मग आता तू बघ."

१७ नोव्हेंबर, शनिवार

हात थरथरतो म्हणून अक्षर असं. लमारने मला खाली नेलं. मागे उशी, पायांवर घोंगडी. मी फळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यापासून जुनी बरणी आधी, नवी मागे, असं खायला सुरुवात कर.

त्याने एक बरणी उचलून परत जागेवर ठेवली.

"काय?"

"मी यातलं काही खाणार नाही."

"म्हणजे?"

"हे तू केलेलं आहे. निम्मं तरी. खाल्लं की संपेल." त्याने फळीच्या कडेवर हात ठेवला. "वर्षभराने खोली रिकामी होईल. मग तुझ्या हातचं या जगात काहीच उरणार नाही, डोरा. मी हिशेब केलाय. मला नाही जमणार. हे असंच राहू दे. मी दुकानातलं खाईन."

मला ते दिसलं. दहा वर्षांनी हा माणूस, म्हातारा, या बरण्या पुसत बसलेला. आत पीच काळे पडलेत, झाकणं फुगलीत आणि तो वर जाऊन डब्यातलं सूप पितोय. अंगावर काटा आला. मरणाने आला नव्हता एवढा.

"नाशपातीची एक काढ," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता. आणि चमचा."

झाकण उघडताना फुस्स झालं. त्याने वास घेतला, चिठ्ठीत लिहिलंय म्हणून. मग उभ्या उभ्या खायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो चावत होता, गिळत होता, कर्तव्यासारखं. मला एक घास दिला. जिभेवर ठेवला, गिळवला नाही, पण चव कळली.

"अख्खी संपव," मी म्हटलं.

त्याने संपवली. रससुद्धा प्यायला.

"आता ही बरणी धुवायची. पुढच्या सप्टेंबरात नाशपाती येतील तेव्हा हीच भरायची, तूच. आणि पाक एवढा गोड नको. या वेळी फार गोड झालाय. साखर कमी घाल."

त्याने बाहीने तोंड पुसलं, कानामागची पेन्सिल काढली.

"किती कमी?" त्याने विचारलं.